मल्हारीची चार कार्डं

“...पण ते कार्ड तू देणार कुणाला?” नानांनी विचारलं.

मल्हारी हसला. “कुणालाबी. गावात माणसं काय थोडी हायेत?”

“माणसं हायेत. घेणारं कोण, ते सांग.”



आमच्या बुरुड आळीत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शेवटचं दुकान सटवानानांचं. भिंतीला सुपं, टोपल्या, दुरड्या टांगलेल्या. मागच्या बाजूला लांब बांबू उभे केलेले. गावात कुणी गेलं की त्या घरचा माणूस आधी नानांकडे येई. नाना फार काही विचारत नसत. उंची केवढी होती, एवढंच विचारत. मग दोन बांबू खांद्यावर घेऊन त्याच्या मागोमाग चालू लागत. पन्नास वर्षं गावातली तिरडी नानांच्याच हातची.

मल्हारी त्यांचा शिष्य. चार वर्षं जवळ बसून कामट्या काढायला शिकला, गाठ मारायला शिकला. मग पुण्याला गेला आणि तिथं शववाहिकेवर ड्रायव्हर झाला. आता परत आला होता. दवाखान्याच्या कोपऱ्यावर गाळा घेतला होता, एक जुनी गाडी घेतली होती. सोमवारी दुकान उघडायचं होतं.

मी नानांच्या शेजारी बसून बांबू चिरत होतो. सकाळची वेळ होती.

आतल्या खोलीत अंबाकाकी पडून होत्या. नानांची बायको. दोन महिने झाले, त्या अंथरुणातून उठल्या नव्हत्या. शहरातल्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलं होतं.

मल्हारीनं शर्टाच्या खिशातून चार कार्डं काढली आणि नानांच्या पुढ्यात मांडली.

“छापखानेवाल्यानं नमुना म्हणून दिलीत. बघा तरी.”

तीन चकचकीत होती. काळ्यावर सोनेरी अक्षरं, पाठीमागं सोनेरी वेलबुट्टी. चौथं साधं, पांढऱ्या जाड कागदाचं. मजकूर चारींवर एकच.

नानांना वाचता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौथीपर्यंत गेलेला. अक्षराला अक्षर लावत वाचलं.

“शांती अंत्यविधी साहित्य व सेवा. प्रो. प्रा. मल्हारी सोनटक्के. चोवीस तास शववाहिका मिळेल. सेवेची एक वेळ अवश्य संधी द्या.”

“ही शेवटची ओळ तू सांगितलीस?” नानांनी विचारलं.

“न्हाई. तो सगळ्यांच्याच कार्डावर घालतो. तिचे पैसे पडत न्हाईत.”

“बरं... पैसे किती हायेत तुझ्याकडं?”

“कार्डासाठी पंधराशे. गाळा झाला, गाडीचं काम झालं, उरलं ते एवढंच. सोनेरी घेतली तर अडीचशे येतात. साधी घेतली तर हजार.”

“मग?”

“सोनेरीच घ्यावी म्हणतो. कार्डावरनं माणूस कळतो, नाना. पुण्यात बघितलंय मी. साधं कार्ड दिलं की लोक त्याच्यात सुपारी बांधतात.”



मल्हारी थोडा पुढं सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, “एक मागणं होतं. कार्डावर वरच्या अंगाला तुमचं नाव घालू द्या. ‘सटवानानांचे शिष्य’, एवढंच.”

“कशाला?”

“मला कोण ओळखतंय? गावात तुमचं नाव हाय. ते बघून बोलावतील मला. न्हाईतर... सहा महिन्यांत गाळा सोडायला लागंल, नाना. परत दुसऱ्याची गाडी चालवायची. छापखानेवाल्याला दुपारच्या आत सांगायचंय.”

नानांनी एक कामटी हातात घेतली. कोयत्याच्या पात्यानं तिची धार मारली. दुसरी घेतली. तिचीही मारली.

“जा,” ते म्हणाले. “ही चार वाटून ये. वाटून झाली की नावाचं बोलू.”

“चारच? त्यात काय अवघड हाय!”

“गणपा, तूबी जा ह्याच्यासंगं. पाय मोकळं होतील.”

आम्ही निघालो.

पहिलं दुकान खंडू चहावाल्याचं. त्यानं पंच्याला हात पुसून कार्ड घेतलं आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं.

“‘एक वेळ अवश्य संधी द्या.’ आरं, एकच वेळ देणार की! दोन वेळा कोण देतंय?”

बाकावरची माणसं हसली.

“आणि कुणाची देऊ, ते सांग. माझी का सासऱ्याची? सासऱ्याची म्हणत असशील तर आत्ताच चहा पिऊन गेलाय. लांब न्हाई गेला अजून. हाक मारू का?”

मल्हारीसुद्धा हसला. आम्ही चहा घेतला. खंडूनं पैसे घेतले नाहीत.

उठताना मात्र त्यानं ते कार्ड मल्हारीच्या खिशात परत घातलं. आता तो हसत नव्हता.

“घेऊन जा बाबा. माझ्या गल्ल्यात लक्ष्मीचा फोटो हाय.”

दुसरं घर पेठेतल्या वाण्याचं. वाण्याची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. सोनेरी कार्ड दिसल्यावर तिनं आनंदानं हात पुढं केला.

“नवीन दुकान का? कशाचं? साड्यांचं?”

तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. ओठ हलवत वाचलं. मग कार्ड तिच्या हातातनं सुटलं ते तांदळात पडलं.

“मेल्या!” ती उभी राहिली. “सून सातव्या महिन्यात आहे माझी! आणि माझ्या दारात हे घेऊन आलास?”

“वैनी, मला माहीत नव्हतं...”

“माहीत नव्हतं! आईनं शिकवलं नाही होय, कुठं काय न्यावं ते?”

तिनं आतून तांब्या आणला आणि पायरीवर पाणी ओतलं. ते सगळे तांदूळ सुपातून एका घमेल्यात काढले. घरात शिजवायचे नाहीत, एवढं आम्हाला कळलं.

मल्हारीनं कार्ड उचललं, शर्टाला पुसलं. तिथून निघाल्यावर बराच वेळ तो माझ्या पुढं दहा पावलं चालत होता.

तिसरे बापूराव. पोस्टातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली. पिंपळाच्या पारावर एकटे बसले होते. त्यांनी चष्मा लावून कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“अक्षर चांगलं आहे. पण मला का देतोस?”

“असावं म्हणून, बापूराव.”

“मी फोन करणार आहे का तुला? वेडा रे वेडा. माझ्या वेळी ज्यानं करायचा त्याला दे.”

“थोरल्याला देऊ?”

“थोरला मुंबईला असतो. दिवाळीला पैसे पाठवतो. धाकट्याला दे. तो माझ्याशी बोलत नाही, पाच वर्षं झाली. तू दे त्याला. तेवढ्या निमित्तानं माझं नाव तरी निघेल त्याच्यापुढं.”

“ऱ्हातो कुठं?”

बापूरावांनी नुसतं बोट केलं. रस्त्यापलीकडचं दार. दार उघडं होतं. आत कुणीतरी रेडिओ लावला होता.

मल्हारीनं त्या दाराकडे पाहिलं. मग बापूरावांकडे पाहिलं. ते पाराच्या दगडावरची पानं हातानं सारत होते.

तो पलीकडे गेला नाही. कार्ड त्यानं खिशात ठेवलं.

“चला काका, घरी जाऊ,” तो मला म्हणाला. “नाना म्हणत होते ते...”

“एक ऱ्हायलंय अजून.”

“ऱ्हाऊ दे.”

तेवढ्यात शेजारच्या माडीवरून हाक आली.

“मल्हारी सोनटक्के ना तू?”

खिडकीत खरेबाई उभ्या होत्या. प्राथमिक शाळेत बाई होत्या. निम्म्या गावाला त्यांनी अक्षरओळख करून दिली. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, मान किंचित हलत होती.

“काय वाटत फिरताय दोघं मिळून? वर या.”

आम्ही वर गेलो. मल्हारीनं हात पाठीमागं घेतले होते.

“दाखव. शाळेतही असाच पाटी मागे धरायचास. गणित चुकलं की मला लगेच कळायचं.”

त्यानं एक सोनेरी कार्ड पुढं केलं. बाईंनी ते सगळं वाचलं, अगदी शेवटपर्यंत. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“चोवीस तास म्हणजे पहाटेसुद्धा?”

“हो, बाई.”

“फोन तूच उचलशील, की दुसरं कुणी?”

“मीच.”

बाईंनी मागं वळून पाहिलं. पलंगावर त्यांचे यजमान, मास्तर, झोपले होते. तोंड उघडं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं चादरीचं टोक हलत होतं.

“वर्ष होईल आता, ते उठलेले नाहीत. मुलगी मेलबर्नला आहे. तिला यायला दोन दिवस तरी लागतात... तोवर मी एकटीच.”

“हो, बाई.”

“तुझ्याकडे गाडी आहे. सामान आहे. ते सगळं मिळतं रे. पण माणसं? खांदा द्यायला चार माणसं मिळतील का, मल्हारी? या गल्लीत आता सगळी माझ्याच वयाची उरलीत. भाजीची पिशवीसुद्धा मी आणि शेजारीण दोघी धरून आणतो.”



“मिळतील.”

“यात तसं लिहिलेलं नाही.”

“न्हाई, बाई.”

“मग लिहून दे. तोंडी सांगितलेलं मी आजकाल विसरते.”

बाईंनी पेन आणून दिलं. मल्हारी लिहू लागला. त्या चकचकीत कागदावर शाई धरेना. त्यानं कार्डावर फुंकर मारली, शर्टाला घासलं, पुन्हा लिहिलं. अक्षर उमटायच्या आधीच त्याचा अंगठा लागून पुसलं गेलं. दुसरी बाजू केली तर तिथं सोनेरी वेलबुट्टी.

“साधं नाही का रे एखादं?”

त्यानं खिशातून ते पांढरं कार्ड काढलं. त्याची पाठ कोरी होती. गुडघ्यावर ठेवून तो हळूहळू लिहू लागला. बाई त्याच्या खांद्यामागे उभ्या राहून बघत होत्या, वर्गात बघायच्या तशा.

त्यानं लिहिलं, ‘चार माणसं घेऊन मी येईन.’

“सही कर.”

त्यानं सही केली.

“आता बरं वाटलं,” बाई म्हणाल्या. कार्ड त्यांनी मास्तरांच्या औषधाच्या डब्यात, गोळ्यांच्या पाकिटांवर ठेवलं आणि झाकण लावलं.

जिन्याशी आल्यावर मल्हारी अडखळला. येतो म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

बाईंच्या ध्यानात आलं. त्या हसल्या. “घाबरतोस काय? म्हण, येतो. त्याआधी एकदा चहाला ये.”

“येतो, बाई.”

रस्त्यावर आल्यावर त्यानं छापखान्यात फोन लावला.

“मी सोनटक्के... साधी छापा. हजार. पाठीमागची बाजू कोरी ठेवा, सगळी कोरी... न्हाई, सोनेरी नको... आणि ती खालची ओळ काढून टाका. संधीची. फुकट असली तरी काढा. त्या जागी ‘खांद्याला माणसं मिळतील’ असं घाला... हां, खांद्याला. बरोबर ऐकलं तुम्ही.”

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

“वरच्या नावाचं सांगतो. विचारून सांगतो. थोडं थांबा.”

आम्ही परत आलो तेव्हा नाना दुकानात नव्हते. आत काकींना चमच्यानं पाणी पाजत होते. आम्हाला पाहून बाहेर आले आणि जागेवर बसले.

मल्हारीनं सगळं सांगितलं. खंडूचं, वाणिणीचं, बापूरावांचं, खरेबाईंचं. काही लपवलं नाही. नाना ऐकत होते. वाणिणीनं काढून ठेवलेल्या तांदळाचं ऐकून त्यांनी मान हलवली. खरेबाईंचं ऐकताना हातातली कामटी तशीच धरून ठेवली.

“तीन परत आली, नाना.”

“हूं.”

“एक गेलं.”

“हूं...” नानांनी कामटी खाली ठेवली. “काकीला भेटलास?”

मल्हारीनं आतल्या दाराकडे पाहिलं.

“सकाळीबी भेटला न्हाईस. एरवी ‘काकी, च्या टाका’ म्हणून ओरडत सरळ आत शिरतोस. पुण्याहून आलास त्या दिवशी तिच्या उशाशी तासभर बसला होतास. आज काय झालं?”

मल्हारीचा हात आपोआप खिशावर गेला.

“ही होती खिशात,” तो म्हणाला. “ही घेऊन तिच्यापुढं कसा जाऊ, नाना?”

नाना त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले. उजवा हात पुढं केला. पंजा उघडा.

“एक मला दे.”

“नाना, काय बोलताय!”

“दे. लागंल.”

आतून काकींचा श्वास ऐकू येत होता. एक यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा यायचा.

“तुम्ही असताना, नाना... तुमच्या घरात... मी काय...”

“साऱ्या गावाचं बांधलं मी. घरचं बांधायचं नसतं. घरच्यानं फक्त मडकं धरायचं. आणि बांधू दिलं तरी माझ्या हातनं गाठ बसायची न्हाई.”

हात तसाच पुढं होता. पन्नास वर्षं बांबूच्या कुसळांनी कापलेला तो पंजा. कुठं पांढरे वण, कुठं अजून ओल्या रेघा. मी माझं काम थांबवलं होतं. मल्हारीनं खिसा मुठीत धरला होता. वाटलं, शर्ट फाटणार.

नानांनी हात मागं घेतला नाही.

मग मल्हारीनं एक कार्ड काढलं. दोन्ही हातांनी ते नानांच्या पंजावर ठेवलं. ठेवलं आणि त्याचं डोकं नानांच्या गुडघ्यावर आलं. मोठा माणूस, तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. हुंदक्यांनी त्याची पाठ हलत होती.

नानांनी त्याला रडू दिलं. डाव्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. उजव्या हातातलं कार्ड ते बघत होते. उलटं धरलं होतं.

“ह्याच्यात नंबर हाय न्हवं?”

“हाय,” मल्हारी म्हणाला. तोंड अजून गुडघ्यातच होतं.

“गणपा, तुला आकडे येतात. तू लावशील फोन. त्या वेळी मला काही सुधरायचं न्हाई.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

मल्हारीचा फोन वाजला. छापखान्याचा होता. तो उठून बसला. बाहीनं नाक पुसलं. फोन हातात तसाच वाजू दिला.

“नाना, तो थांबलाय. तुमचं नाव घालू का?”

नानांनी कार्ड बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. वरून हातानं दाबून पाहिलं.

“नको,” ते म्हणाले. “आता बोलावणारा मी. बोलावणाराचं नाव कार्डावर नसतं.”